पायानं बघती

माझा धंदा टक्के लावण्याचा. आमच्या माणदेशात 'टक्केवारी' हा शब्द कुठल्या कामासाठी वापरतात ते तुम्हाला ठाऊक असेलच, त्यामुळे लग्नाच्या वेळी सासरच्यांना नोकरी समजावून सांगताना मला घाम फुटला होता. मी कंत्राटदार नाही आणि पुढारी तर नाहीच. दिव्यांग तपासणी केंद्रात मी तंत्रज्ञ आहे. कुणाला किती ऐकू येत नाही, किती दिसत नाही, हे सांगणारं यंत्र मी चालवतो. चालवतो म्हणजे बटण दाबतो. टक्के यंत्रच लावतं.

पूर्वी हे काम डॉक्टर करायचे. मग खोट्या दाखल्यांची इतकी प्रकरणं बाहेर आली की सरकारने ठरवलं, दाखल्याला माणसाचा हात लागायला नको. कायदा बदलला. डोळ्याची किंवा कानाची रचना कशी आहे ते विचारात घ्यायचं नाही, मेंदूत त्याचं काम किती चालतं तेवढंच मोजायचं. त्यासाठी टोपरं आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं आहे, पण बाळंतिणीच्या घरी बाळाच्या डोक्यावर बांधतात तसंच दिसतं, हनुवटीखाली बंद सुद्धा आहेत, म्हणून आम्ही सगळे टोपरंच म्हणतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी बोलतात. वीज वाहिली की तिथे चुंबकत्व तयार होतं. मेंदूतलं हे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं, आणि ते मोजायला एके काळी खोलीएवढं थंडगार यंत्र लागायचं. टोपऱ्यात खडीसाखरेच्या खड्याएवढ्या शंभर काचकुप्या आहेत. प्रत्येक कुपीत एका धातूची वाफ कोंडलेली असते आणि तिच्यातून लेसरचा किरण जात असतो. मेंदूत कुठे काही हललं की त्या वाफेतले अणू किंचित डगमगतात, किरण जरासा मंदावतो, आणि माझ्या पडद्यावरच्या नकाशात नेमक्या त्या जागी उजेड फुटतो. डोक्याच्या मागच्या भागात उजेड आला तर माणसाला दिसतंय, कानाच्या वरच्या भागात आला तर ऐकू येतंय. आठ वर्षं मी रोज हे पाहतोय. तरी मूल खुर्चीत बसलं आणि पहिला उजेड दिसला की माझा चहा गार होतो.

मोनाली सरगर आपल्या मुलीला, ईश्वरीला, घेऊन आली तेव्हा ईश्वरीला सात वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस उरले होते. ते अकरा दिवस फार महत्त्वाचे होते. ज्या मुलांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी 'सोबत' नावाची योजना आहे. शिकलेली सोबतीण रोज घरी येते आणि मुलाच्या तळहातावर बोटांनी बोलायची भाषा शिकवते, दहा वर्षं. पण नाव सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत नोंदवावं लागतं, कारण त्यानंतर मेंदू भाषा नव्याने उचलायला कुरकुर करतो. मोनालीला योजनेचं गेल्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या आशाताईकडून कळलं होतं. नवरा कर्नाटकात बोअरच्या गाडीवर, गावातली पिठाची गिरणी ती एकटी चालवायची. केसांत, भुवयांत पीठ तसंच घेऊन ती आली होती.

आधी बोलका अर्ज भरायचा असतो. पाटीसारख्या पडद्यातून एक बाई प्रश्न विचारते आणि पालकाने आपल्या शब्दांत उत्तर द्यायचं. आम्ही मध्ये बोलायचं नाही, नाहीतर आम्हीच पढवलं असं होतं.

"मुलाला ऐकू येते का?"

"न्हाई. तोफ वाजली तरी न्हाई."

"मुलाला दिसते का?"

"बघती की," मोनाली म्हणाली. "हात लावून बघती, चाटून बघती, वास घिऊन बघती. पायानं तर लई बारीक बघती. गिरणीच्या कट्ट्यावर अनवाणी हुबी केली की काय दळाय लागलंय ते बोटानं सांगती. एक बोट ज्वारी, दोन गहू, तीन बाजरी."

"धन्यवाद. पुढचा प्रश्न."

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी ईश्वरीच्या टोपऱ्याचे बंद बांधत होतो आणि आई आपल्या लेकीचं कौतुक करतेय एवढंच माझ्या डोक्यात आलं. आपल्या भाषेत माणूस चव घेऊन बघतो, वास घेऊन बघतो, ऐकून बघतो, दार वाजवून बघतो. त्या पडद्यातल्या बाईला हे कोण शिकवणार? तिने 'दृष्टी' या रकान्यात 'आहे' लिहून टाकलं.

तपासणी वीस मिनिटांची. मूल खुर्चीत एकटं, पालक पिवळ्या पट्टीच्या पलीकडे. आधी आवाज सोडले. कानाच्या वर काळोख. मग समोरचा दिवा उघडझाप करू लागला, आणि डोक्याच्या मागे उजेड आला. दिवा उघडला की उजेड, मिटला की नाही. अगदी ठेक्यात. मला वाटलं टोपरं सरकलं असेल, म्हणून मी आकडे पुन्हा पाहिले. टोपरं जागच्या जागी होतं.

यंत्राने दाखला छापला. श्रवण-अक्षमता शंभर टक्के. दृष्टी-अक्षमता अकरा टक्के. पालकाच्या निवेदनाशी निष्कर्ष जुळतो. 'सोबत' योजनेस अपात्र. शिफारस, कर्णबधिर शाळा.

मोनालीने तो कागद दोनदा वाचला. मग फार हळू विचारलं, "म्हंजे ईशूला दिसतंय?"

मी मूर्खासारखा बोलून गेलो, "यंत्र तसं म्हणतंय."

ती पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. तिच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला. ओढणीचं लाल टोक नाचवलं. आपला चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेला आणि हसली, आरशात हसतो तशी नाही, समोरचं माणूस परत हसेल म्हणून हसतो तशी. ईश्वरीची पापणी लवली नाही. मोनालीने पुन्हा हात हलवला, जरा जवळून, तेव्हा ईश्वरीने तो पटकन धरला. पण मोनाली मान हलवत उठली.

"न्हाई ओ सर. वारं लागलं म्हणून धरला तिनं."

सात वर्षांत तिने जी आशा मनातून काढून टाकली होती ती मी दोन मिनिटांसाठी परत दिली होती. त्याची मला अजून लाज वाटते.

आमच्या मंडळाच्या प्रमुख डॉ. हेमलता कुलथे. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, आवाज खणखणीत. त्यांनी ईश्वरीच्या डोळ्यांचे जुने स्कॅन पाहिले. "डोळ्यांच्या नसा तयारच झालेल्या नाहीत बाबर. हिला अंधार कुठला आणि उजेड कुठला हेसुद्धा कळायचं नाही. पण रचना विचारात घ्यायची नाही ना आपण. फेरतपासणीचा अर्ज कर. एकदाच मिळते, दहा दिवसांत."

जग कुठल्या कुठे गेलं, पण अर्जाला आधार कार्डाची झेरॉक्स लागतेच. मोनाली ती आणायला समोरच्या दुकानात गेली. ईश्वरी खुर्चीत बसून राहिली, अनवाणी तळवे पायपाटावर टेकवून. टोपरं मी काढलं नव्हतं. पडद्यावर सगळं मंद होतं. झाडू मारणाऱ्या मावशी बाहेरून गेल्या तेव्हा डोक्यामागे एक फिकट ठिपका सरकला आणि विझला. मी मान वर केली.

मग एकाएकी तो सगळा भाग उजळला. उजेडाची एक पट्टी डावीकडून उजवीकडे निघाली, मध्ये थोडी थांबली, पुन्हा निघाली, आणि तिच्या मागोमाग आसपासचा प्रत्येक कोपरा पेटत गेला. इतका उजेड मी डोळस मुलांच्या नकाशातही पाहिला नव्हता. ईश्वरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. अर्ध्या मिनिटाने दार उघडलं आणि मोनाली आत आली.

"मध्ये कुठे थांबला होता का तुम्ही?" मी विचारलं.

"चपलेत खडा गेलता. का ओ?"

मी खुर्चीत मागे टेकलो. मेंदू आपल्या घरात खोली रिकामी ठेवत नाही, हे आम्हाला शिकवलेलं होतं. डोळ्यांकडून काहीच आलं नाही तर दिसण्याची जागा दुसरं कुणीतरी वापरायला घेतं, बहुतेकदा बोटं. पण इथे तळव्यांनी ती सगळी खोली घेतली होती आणि ती नीट मांडली होती. फरशीतून येणाऱ्या कंपनांमधून या मुलीला भिंतीपलीकडचा व्हरांडा समजत होता, त्यातून चालणारी आई समजत होती, आणि आईच्या चपलेत खडा गेला तेही समजत होतं. तिची आई अर्जात खरं तेच बोलली होती, शब्दशः. ती पोर पायानं बघत होती. मी ज्या यंत्राला आठ वर्षं नवलाने पाहत होतो ते मला त्या क्षणी खेळण्यासारखं वाटलं.

बाकीचं मग दहा मिनिटांत सुटलं. विजेने दिवा चालूबंद केला तर त्याचंच चुंबकत्व टोपऱ्यात घुसतं. म्हणून दिवा सतत चालू असतो आणि त्याच्यापुढची प्लॅस्टिकची झडप हवेच्या दाबाने उघडते आणि मिटते. खुर्चीवर तळहात ठेवून मी झडप चालवली. मला काही जाणवलं नाही. कंपन मोजायचं उपकरण लावलं तेव्हा आकड्याने शून्यातून जेमतेम डोकं वर काढलं. झडपेचा तेवढा हादरा ईश्वरीच्या तळव्यांना पुरेसा होता.

हे यंत्राला सांगायची सोय नाही. तसा रकानाच नाही. मग एकच उपाय उरला, खुर्ची अशी ठेवायची की तिच्यापर्यंत काहीच पोचणार नाही. मोनालीच्या दिराने ट्रॅक्टरच्या चाकाच्या दोन ट्यूबा आणून दिल्या. त्या निम्म्या फुगवून त्यांच्यावर प्लायवूड टाकलं, त्यावर खुर्ची. शेजारून माणूस उड्या मारत गेला तरी उपकरणाचा आकडा हलेना.

डॉक्टर मॅडम कमरेवर हात ठेवून ते सगळं न्याहाळत होत्या. "बाबर, आपण हे लपवतोय का रे?"

"डोळ्यांचे टक्के मागितलेत ना मॅडम. मग डोळ्यांचेच मोजू."

"त्या खुर्चीत पोरीला काय वाटेल?"

त्याचा मी विचार केलेला नव्हता.

फेरतपासणीच्या दिवशी मोनालीने तिला उचलून खुर्चीत ठेवलं, गालावर हात फिरवला आणि पट्टीच्या पलीकडे गेली. तपासणी संपेपर्यंत मुलाला शिवायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. मी सुरू केलं. दिवा उघडझाप करू लागला. पडद्यावर डोक्यामागचा भाग विझत गेला, वीज गेल्यावर टेकडीवरून गाव दिसतं तसा, आळी आळीने.

"विझलं?" मोनालीने विचारलं. तिलाही पडदा दिसत होता.

"हो. आता तिला काहीच कळत नाहीये."

ईश्वरीने पाय आपटले. एकदा, दोनदा. नेहमी जमीन काहीतरी परत पाठवते, आज काहीच आलं नाही. तिने तळवे पायपाटावर घासले. मग डावा हात पुढे केला, तळवा वर, उघडा, आणि तो तसाच धरून ठेवला. घरी असा हात पुढे केला की आई त्यात बोट ठेवते, हे मला नंतर समजलं. मोनाली एक पाऊल पुढे आली. तिचा अंगठा पिवळ्या पट्टीवर होता.

"ताई, अजून नऊ मिनिटं," मी म्हणालो. "शिवलात तर पुन्हा तपासणी नाही. नऊ मिनिटांनी तिला दहा वर्षं मिळतील."

"हात मागतीय ओ ती."

"मला दिसतंय."

ती तिथेच खाली बसली आणि ओढणी दातांत धरली. मायलेकींत जेमतेम हातभर अंतर होतं. ईश्वरी रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने हात मांडीवर ठेवला आणि ती अगदी स्तब्ध झाली. डॉक्टर मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

तेव्हा त्या काळोखात, अगदी तळाशी, एक लहानसा उजेड दिसला. मी घाबरलो, वाटलं कुठूनतरी कंपन शिरलं आणि सगळं वाया गेलं. पण यंत्राने त्याची दखल घेतली नाही, कारण दिव्याच्या ठेक्याशी त्याचा मेळ नव्हता. त्याला त्याचा स्वतःचा ठेका होता. उजेडाची बारीक पट्टी डावीकडून उजवीकडे जायची, मध्ये थोडी थांबायची, पुन्हा निघायची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी मागच्या वेळची नोंद उघडली आणि दोन्ही नकाशे शेजारी लावले. मध्ये थांबण्याची वेळसुद्धा तीच होती. तो मोनालीचा झेरॉक्सच्या दुकानातून परत येण्याचा रस्ता होता.

बाहेरून काहीच येत नव्हतं म्हणून ती पोर आईला आठवून आठवून बोलावत होती. पुन्हा पुन्हा, सहा मिनिटं. शब्द नाही, आवाज नाही, चेहरा ठाऊक नाही, तरी आत एक अख्खी आई होती आणि ती चालत येत होती. मी मोनालीला पडदा दाखवला आणि ते काय आहे ते सांगितलं. तिने तोंडातली ओढणी काढली नाही, नुसती मान हलवली. माणसाच्या डोक्यात काय काय असतं याचा हिशेब आम्ही टक्क्यांत करतो, आणि मला त्या दिवशी देवळात उभं असल्यासारखं वाटत होतं.

घंटी वाजली. मोनाली कधी उठली आणि कधी तिथे पोचली ते मला दिसलंच नाही. श्रवण शंभर, दृष्टी शंभर, 'सोबत' योजनेस पात्र, असा कागद छापून बाहेर आला, पण तो घ्यायला बराच वेळ कुणी आलं नाही.

सव्वा वर्षाने मोनालीचा फोन आला. "सर, ईशूनं एक इचारलंय. मला सांगाय जमंना. तुमीच या."

मी रविवारी गेलो. गिरणी चालू होती. ईश्वरी कट्ट्यावर अनवाणी उभी होती आणि तिच्या तळहातावर बोटं टेकवून सोबतीण बसली होती, निलोफर मुलाणी, पंचविशीची, त्याच तालुक्यातली. मी अजून अंगणातच होतो तेव्हा ईश्वरी ताठ झाली आणि निलोफरच्या हातावर तिने भराभरा काहीतरी सांगितलं. निलोफर हसायला लागली.

"सर, ती म्हणतेय, खुर्ची आली."

सव्वा वर्षापूर्वी दोन दिवस मी तिच्या खुर्चीभोवती फिरलो होतो. तेवढ्यावरून माझं पाऊल तिने ठेवून दिलं होतं आणि त्याला नावही दिलं होतं.

मोनालीने गिरणी बंद केली. निलोफरने सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी ईश्वरी 'कुठे' हा शब्द शिकली. आधी तिने विचारलं, बाबा कुठे. मग मांजर कुठे. तिसऱ्या दिवशी तिने आईचा हात ओढून घेतला आणि विचारलं, 'खुर्ची. जमीन नाही. आई कुठे?' तेव्हापासून रोज विचारते.

"काय सांगू तिला?" मोनाली म्हणाली. "हातभर अंतरावर हुते आन् शिवले न्हाई, आसं सांगू?"

मी कट्ट्यावर बसलो. तो प्रश्न तिच्याजवळ सव्वा वर्ष होता. शब्द नव्हते तेव्हाही होता. शब्द मिळाल्याबरोबर तिने तो विचारला. ज्या मेंदूत भाषा नाही तिथे प्रश्न कुठल्या रूपात राहतो, हे सांगणारं यंत्र अजून झालेलं नाही.

"मी सांगतो," मी म्हणालो. "निलोफर, माझी बोटं धर."

तिने माझी बोटं ईश्वरीच्या तळहातावर चालवली. आई जवळ होती. मी तिला थांबवलं.

ईश्वरीने मान एका बाजूला कलती केली. मग तिचं बोट माझ्या हातावर आलं. का?

योजना, दाखला, टक्के, यांतलं काहीच तिच्या भाषेत अजून नव्हतं, आणि मला त्याचं बरंच वाटलं. मी निलोफरला सांगितलं आणि तिने माझी बोटं फिरवली. आज तू हे विचारावंस म्हणून.

मग तिने माझ्या मनगटावर सणसणीत चापट मारली. "ईशे," मोनाली ओरडली, पण तिला कुठे ऐकू जाणार. माझं मनगट लाल झालं आणि मला वाटलं, दोन मिळाल्या असत्या तरी चालल्या असत्या. ईश्वरी माझ्याकडे पाठ करून वळली, चाचपत आईचा हात शोधला, तो आपल्या उघड्या तळहातावर ठेवून घेतला आणि वाट बघत उभी राहिली. मोनालीने दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि निलोफरकडून शिकलेल्या बोटांच्या भाषेत त्या दिवसाचं सगळं पहिल्यापासून तिला सांगायला सुरुवात केली.